ई-मेल काढून टाकणारी लूप : दोष व निवारण

फोल्डरातील ई-मेल एकामागून एक तपासून त्यांपैकी नकोसे काढून टाकण्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट जेव्हा काही मेल न पाहताच पुढे जाते, अथवा काम अर्ध्यावर टाकून एरर देते, तेव्हा दोषाचे मूळ बहुधा एकच असते : ज्या यादीवरून ती चालत असते तीच यादी तिच्या स्वतःच्या कृतीने आखूड होत असते. हा दोष कोणत्याही एका प्रणालीपुरता मर्यादित नाही. तथापि मायक्रोसॉफ्ट आउटलुकमध्ये व्हीबीए भाषेत लिहिलेल्या मॅक्रोंत तो विशेष ठळकपणे आढळत असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

स्वरूप : आउटलुकमधील प्रत्येक फोल्डराचा ‘आयटम्स’ नावाचा संग्रह असून त्यातील नोंदींना १ पासून अनुक्रमांक असतात. हा क्रमांक नोंदीला कायमचा बहाल केलेला नसतो. तो केवळ तिची त्या क्षणीची जागा दाखवितो. रेशनच्या दुकानापुढील रांगेतून एक जण बाहेर पडला की मागच्या प्रत्येकाचा नंबर एकाने पुढे सरकतो, तद्वत पहिला मेल काढताच दुसरा पहिल्याच्या जागी येतो. परंतु लूपचा गणक तोवर २ वर गेलेला असल्याने त्या मेलची तपासणी होतच नाही.

फोल्डरात १० मेल आहेत आणि ते सर्व काढावयाचे आहेत असे धरल्यास, चढत्या क्रमाची लूप मूळचे १, ३, ५, ७ व ९ हे मेल काढते. व्हीबीएमध्ये ‘फॉर’ लूपची अंतिम मर्यादा प्रारंभी एकदाच ठरत असल्याने ती १० वर कायम राहते; सहाव्या फेरीत सहाव्या क्रमांकाची मागणी होते आणि संग्रहात पाचच नोंदी उरल्याने मॅक्रो एरर देऊन थांबतो. ‘फॉर ईच’ या रचनेतही मेल असेच सुटतात, मात्र तेथे एररही येत नाही. म्हणून ती अधिक घातक समजली पाहिजे. तीच लूप पुनःपुन्हा चालविल्यास शिल्लक मेलांची संख्या १० वरून ५, मग २, मग १ आणि अखेर शून्य अशी उतरते. ‘मॅक्रो चार वेळा चालवावा’ असा शिरस्ता कोठे पडला, तर त्याचे कारण हेच होय.

निदान : लूपपूर्वीची व लूपनंतरची संख्या नोंदवून ठेवावी, सुमारे निम्मे मेल शिल्लक राहणे हे या दोषाचे प्रमुख लक्षण आहे. खात्रीचा पडताळा हवा असल्यास डिलीटची ओळ तेवढी तात्पुरती बंद करून प्रत्येक मेलचा विषय छापून पाहावा. सर्व विषय क्रमाने उमटले, तर निवडीची अट निर्दोष असून दोष केवळ काढण्याच्या रीतीत आहे, हे सिद्ध होते. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ स्क्रिप्टमध्ये असल्यास ती प्रथम काढावी, कारण ती दोष दूर करीत नाही, फक्त दडविते. फोल्डरात पोच-अहवाल किंवा बैठकीची निमंत्रणे असताना चल ‘मेलआयटम’ या प्रकाराचा घोषित केला, तर १३ क्रमांकाची ‘टाइप मिसमॅच’ एरर येते. तिचा प्रस्तुत दोषाशी संबंध नाही, आणि चल ‘ऑब्जेक्ट’ म्हणून घोषित करून प्रत्येक नोंदीचा प्रकार तपासणे हा तिचा उपाय होय.

निवारण : सर्वमान्य उपाय म्हणजे लूप शेवटच्या क्रमांकापासून १ पर्यंत उलटी, ‘स्टेप -१’ देऊन चालविणे. नोंद काढल्याने क्रमांक बदलतात ते तिच्या पुढील, म्हणजे आधीच तपासून झालेल्या नोंदींचे. तपासावयाच्या नोंदी आपापल्या जागी स्थिर राहतात. दुसरा उपाय दोन टप्प्यांचा : प्रथम काढावयाच्या मेलांचे ‘एन्ट्रीआयडी’ एका स्वतंत्र यादीत उतरवून घ्यावेत आणि नंतर त्या ओळखीवरून एकेक मेल काढावा. पहिला मेल संख्या शून्य होईपर्यंत काढीत राहणे ही रीत संपूर्ण फोल्डर रिकामा करावयाचा असेल तरच योग्य. एखादाही मेल राखावयाचा असल्यास ती लूप कधीच संपत नाही. तसेच ‘फोल्डर.आयटम्स’ असा उल्लेख दर वेळी नवा संग्रह हाती देत असल्याने, संग्रह एकदाच चलात घेऊन त्यावरच क्रमवारी व लूप चालवावी.

इतरत्र आढळ : आयमॅप या टपाल-शिष्टाचारातही क्रमांक असेच सरकतात. २००३ च्या आरएफसी ३५०१ या मानक दस्तऐवजात ९ संदेशांच्या पेटीतून शेवटचे ५ काढण्याचे उदाहरण दिले आहे : सर्व्हर खालून वर गेल्यास ५ हाच क्रमांक पाच वेळा कळवितो, वरून खाली आल्यास ९, ८, ७, ६, ५ असे कळवितो. म्हणून तेथे न बदलणारा यूआयडी वापरणे श्रेयस्कर. याउलट १९९६ च्या आरएफसी १९३९ मधील पीओपी३ शिष्टाचारात डिलीटचा हुकूम संदेशावर केवळ खूण करतो व प्रत्यक्ष उच्चाटन ‘क्विट’नंतर होते, त्यामुळे सत्र संपेपर्यंत क्रमांक स्थिर राहतात. जीमेलसाठी ॲप्स स्क्रिप्टमध्ये शोधाचे निकाल शंभर-शंभरच्या तुकड्यांनी कचरापेटीत टाकताना प्रारंभबिंदूही शंभराने पुढे नेला, तर मधले शंभर सुटतात. तेथे प्रारंभ शून्यावरच ठेवावा लागतो.

दक्षता : आउटलुकमध्ये डिलीट केलेला मेल साधारणतः प्रथम ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जातो, मात्र त्याच फोल्डरावर लूप चालविल्यास तो कायमचा नष्ट होतो. टपाल हे व्यवहाराचे दप्तर व प्रसंगी पुरावाही असल्याने, सुटलेल्या मेलपेक्षा चुकून गेलेला मेल अधिक महाग पडतो. यास्तव काय काढावयाचे याचा निर्णय व प्रत्यक्ष काढणे ही दोन कामे अलग ठेवावीत, पहिल्याची यादी डोळ्यांखालून घालावी आणि ती तारखेसह जपून ठेवल्यावरच दुसऱ्यास हात घालावा.