लेसर दृष्टिसुधार शस्त्रक्रिया : प्रकारांची निवड

डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा (कॉर्निया), बाक लेसरने बदलून चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या शस्त्रक्रियांचे पीआरके, लॅसिक आणि स्माइल हे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या दोहोंत वापरला जाणारा १९३ नॅनोमीटरचा एक्झायमर लेसर ऊती न भाजता कोरतो, हे मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये आयबीएमच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत दाखवले आणि १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह तो पारपटलावर वापरून पाहिला.

पीआरकेमध्ये पारपटलाची वरची त्वचा काढून लेसर मारतात. काही दिवस डोळा दुखतो व नजर सावकाश स्थिरावते. लॅसिकमध्ये पातळ पापुद्रा (फ्लॅप) उचलून आतील थर कोरतात व पापुद्रा परत बसवतात, त्यामुळे बहुधा दुसऱ्याच दिवशी स्पष्ट दिसते. स्माइलमध्ये फेम्टोसेकंद लेसरने पारपटलाच्या आतच भिंगासारखी चकती तयार करून ती २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात.

निवड मुख्यतः पारपटलाच्या जाडीवर ठरते. ती मध्यभागी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते आणि ६ मिलिमीटर व्यासाचा भाग कोरताना एका नंबरमागे सुमारे १२ मायक्रॉन खर्ची पडतात. जाडी ४८० मायक्रॉन व नंबर उणे ८ असल्यास लॅसिकमध्ये पापुद्र्याचे ११० व कोरलेले ९६ मायक्रॉन वजा जाता खाली २७४ उरतात. २५० ही जुनी किमान मर्यादा त्यात पाळली जात असली, तरी अनेक शल्यचिकित्सक आता ३०० चा आग्रह धरतात. पीआरकेमध्ये पापुद्रा नसल्याने त्वचेचे सुमारे ५० मायक्रॉन सोडूनही ३३४ उरतात, मात्र इतक्या मोठ्या नंबरला पारपटलावर धूसरपणा येण्याचा धोका वाढतो. पारपटलाच्या नकाशात (टोपोग्राफी) शंकूसारख्या फुगवट्याची, म्हणजे केरॅटोकोनसची, शंका आली तर जाडी पुरेशी असूनही लॅसिक व स्माइल टाळतात आणि मोठ्या नंबरला डोळ्यात बसवायच्या भिंगाचा (आयसीएल) विचार करतात.

स्माइलनंतर लॅसिकच्या तुलनेत डोळे कमी कोरडे पडतात असे काही अभ्यासांत आढळले आहे. दीर्घकाळात हा फरक कितपत टिकतो याबाबत एकमत नाही.

लॅसिकचा पापुद्रा जोरदार मार बसल्यास वर्षांनंतरही सरकू शकतो, म्हणून कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यांना पीआरके अधिक योग्य ठरते. ठाण्याच्या मानपाड्यातून किंवा डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावरून स्थानक गाठून गर्दीच्या लोकलने रोज जाणाऱ्यास सुरुवातीच्या आठवड्यांत तरी कोपराच्या धक्क्याची दखल घ्यावीच लागते.

दूरदृष्टिता असल्यास स्माइल सहसा निवडत नाहीत, कारण तिचा वापर प्रामुख्याने निकटदृष्टितेसाठी होतो.

वय १८ पूर्ण असणे, नंबर वर्षभर स्थिर असणे आणि गर्भारपण वा स्तनपान चालू नसणे या सर्व प्रकारांच्या सामायिक अटी आहेत. चाळिशीनंतरचा जवळचा चष्मा यांपैकी कोणत्याही नेहमीच्या शस्त्रक्रियेने टळत नाही.

नोकरीचे नियम वेगळे पाहावे लागतात. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण सहायक लोको पायलटच्या पदासाठी नंबर घालवण्याची कोणतीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरतो.