हैदराबादच्या मराठी घरांतील पहिला दूरदर्शन संच

रेडिओच्या लहरींनी प्रांतरचनेची रेषा कधीच मानली नाही. दूरदर्शनने मात्र ती रेषा थेट आपल्या दिवाणखान्यात आणून आखली. हैदराबादेतील जुन्या मराठी कुटुंबांच्या भाषिक स्थित्यंतराची चर्चा निघाली की १९५६ चा उल्लेख हटकून होतो. १९७७ चा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. त्या दुसऱ्या सालाची नोंद आपल्या पिढीनेच करून ठेवावयास हवी, कारण दूरदर्शनपूर्वीचे आणि नंतरचे अशी दोन्ही घरे पाहिलेली आपली पिढी आता साठीच्या पुढे गेली आहे.

निजामी अमदानीत कारभाराची भाषा उर्दू असली तरी मराठी ही संस्थानातील एका मोठ्या प्रदेशाची भाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि हैदराबाद ही आंध्र प्रदेशाची राजधानी झाली. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतील मराठी कुटुंबे जागची हलली नाहीत. त्यांच्याभोवतीचे राज्य बदलले. तरीही विवेकवर्धिनीसारखी १९०७ पासूनची शिक्षणसंस्था, ग्रंथसंग्रहालय, गणेशोत्सवातील व्याख्याने आणि घरातला रेडिओ यांच्या आधारावर मराठीचे व्यवहार चालू राहिले.

यांतील रेडिओचे महत्त्व आज लक्षात येत नाही. मध्यमलहरींचे प्रक्षेपण रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर पोहोचते. त्यामुळे रात्रीची जेवणे आटोपली की वडील रेडिओच्या काट्याशी खटपट करीत आणि खरखरीतून मुंबई किंवा पुणे केंद्राचा आवाज हाती लागला की आजी माजघरातून बाहेर येऊन बसे. कीर्तन असो, नाट्यगीत असो वा बातम्या असोत, महाराष्ट्र आपल्या घरात येतो आहे एवढे समाधान तिला पुरत असे.

दूरदर्शनच्या लहरींचा स्वभाव निराळा. त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीचा गोलावा आणि वाटेतले डोंगर यांपुढे त्यांचे चालत नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि तेथील मराठी कार्यक्रमांची वर्णने सुट्टीत येणाऱ्या आप्तांच्या तोंडून आम्ही ऐकू लागलो. पण ते चित्र हैदराबादपर्यंत येणे अशक्यच होते.

यात आणखी एक विसंगती होती. देशातील दूरदर्शन संचांच्या निर्मितीचे एक प्रमुख ठिकाण हैदराबादच होते. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत १९६७ साली येथे स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा 'ईसीटीव्ही' देशभर नावाजला होता. ज्या ए. एस. राव यांनी या संस्थेची धुरा वाहिली, त्यांच्या नावाची वसाहत आजही आपल्या शहरात आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रयोग झाला, त्यासाठीचे संचही याच कारखान्यातले. तेलंगणातील काही खेडी या प्रयोगात होती. म्हणजे खेड्यातला शेतकरी पंचायतीच्या ओट्यावर उपग्रहाचे चित्र पाहत होता आणि संच बनविणाऱ्या शहरातील बहुतेक घरांनी दूरदर्शन पाहिलेही नव्हते. प्रयोग संपल्यावर त्याची पुढची पायरी म्हणून काही ठिकाणी जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे उभारण्यात आली. त्यांत गुलबर्गा होते आणि हैदराबादही. ऑक्टोबर १९७७ मध्ये हैदराबाद केंद्र सुरू झाले.

आमच्या घरी संच आला तो १९७८ मध्ये. वडिलांच्या तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक किंमत, शिवाय डाकघरातून काढावयाचा वार्षिक परवाना. लाकडी पेटीला सरकती दारे होती. कार्यक्रम संपला की ती बंद करून वर आजीने विणलेला रुमाल घातला जाई. वाऱ्याने अँटेना फिरली की पडद्यावर मुंग्या दिसत आणि एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक संचापाशी अशी साखळी उभी राही. वाड्यातील सर्व बिऱ्हाडे आमच्याकडे जमत. चपलांचा ढीग पाहून मंगलकार्य असल्याचा भास होई.

पण पडद्यावर मराठी नव्हती. तेलुगू होती, उर्दू होती, हिंदी होती. आजीला दखनी उत्तम येई, त्यामुळे उर्दू-हिंदीचे तिचे भागत असे. तेलुगू मात्र तिच्या लेखी भाजीवालीशी बोलण्यापुरती. एकदा 'मायाबजार' हा १९५७ चा तेलुगू चित्रपट लागला. एन. टी. रामाराव कृष्णाच्या वेषात दिसताच तिने हात जोडले. पुढे मात्र तिचा गोंधळ उडाला.

"अरे, ही शशिरेखा कोण?"

"आजी, ती बलरामाची मुलगी. अभिमन्यूशी लग्न व्हायचंय तिचं."

"मग वत्सला म्हण की! वत्सलाहरण आहे हे."

त्यानंतर दर आठवड्यास आम्ही मुले तिचे दुभाषी झालो. शाळेत तेलुगू विषय म्हणून शिकत होतो. ती जिभेवर बसली ती आजीला सांगता सांगता. १९६६ च्या अधिनियमाने तेलुगू ही राज्याची राजभाषा ठरलेलीच होती. पुढे शासकीय सेवेत तेलंगणाच्या अंतर्भागात काम करताना अर्जदाराचे म्हणणे मला मध्यस्थावाचून समजे. त्याचे बरेचसे श्रेय त्या लाकडी पेटीला आणि आजीच्या प्रश्नांना द्यावे लागेल.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. रात्री रेडिओचा काटा फिरविणे हळूहळू थांबले. जी वेळ मुंबई-पुण्याच्या आवाजाची होती, ती चित्राने घेतली. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग आले, त्याच वर्षी एशियाड झाले, १९८७ मध्ये 'रामायण' मालिका आली. घरातील एकत्र ऐकण्या-पाहण्याची भाषा हिंदी होत गेली. उपग्रहावरून मराठी वाहिनी येण्यास १९९४ उजाडले. तोवर आमची आजी राहिली नव्हती आणि घरातील धाकटी मंडळी मराठी समजत असली तरी उत्तर हिंदीत देऊ लागली होती. १९५६ मध्ये आपल्या हातून राज्य गेले, घर गेले नव्हते. घरातली सतरा वर्षांची मराठीवाचूनची संध्याकाळ ही त्याहून शांतपणे घडलेली गोष्ट होती.

याचा दोष यंत्राला देणे योग्य नव्हे. त्याने आपल्याला शेजाऱ्याची भाषा दिली आणि तिच्यामुळे आपण या शहरात पाहुणे न राहता येथलेच झालो. रेडिओ बंद करा असे त्याने कोणास सांगितले नव्हते; तो आपण बंद केला. आज भ्रमणध्वनीवर जगातील कोणतीही मराठी वाणी क्षणात ऐकू येते, लहरींची अडचण उरलेली नाही. तेव्हा घरात कोणती भाषा ऐकू यावी हे ठरविण्याचे काम आता सर्वस्वी घराचेच आहे.