बीजकाची भाषा

मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक, ही गोष्ट जुन्या व्यापाऱ्यांना पाठ असे. शब्द एकच, पण त्याच्या पोटातील वजन निराळे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली गेली आणि हा घोळ हळूहळू मिटला. पण मिटला तो मालाच्या वजनाचा. मालाबरोबर जाणाऱ्या कागदांचा घोळ पुढे एका नव्याच रूपाने उभा राहावयाचा होता. त्याचे धागे आपल्या बोईसर-तारापूरपर्यंत कसे येऊन पोचले, ते आपण पाहू.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून रसायनाची पिंपे न्हावाशेवा बंदराकडे निघतात, तेव्हा त्यांच्याबरोबर कागदांचीही एक वरात निघते. मागणीपत्र, बीजक, पेट्यांची यादी, शिपिंग बिल. या साऱ्यांत माहिती बहुधा तीच: कोणी, कोणाला, काय, किती आणि काय भावाने. मग एका यंत्राने ती दुसऱ्या यंत्राला परस्पर का सांगू नये? प्रश्न साधा आहे. उत्तराला मात्र अर्धे शतक लागले.

अमेरिकेत १९६८ साली रेल्वे, मोटार, जहाज व विमान वाहतुकीतील मंडळींनी समान संदेशांसाठी एक समिती स्थापिली. त्याच परंपरेतून १९७९ मध्ये ‘एक्स-१२’ या प्रमाणाचे काम सुरू झाले. इकडे संयुक्त राष्ट्रसंघाच्या छत्राखाली ‘एडिफॅक्ट’ तयार झाले आणि १९८७ मध्ये त्याच्या वाक्यरचनेला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. बीजक एकच, पण एक्स-१२ त्याला ८१० म्हणे आणि एडिफॅक्ट ‘इन्व्हॉइक’. म्हणजे दोन मणांची गोष्ट पुन्हा सुरू झाली!

यात मोठ्या कारखान्यांचे फारसे बिघडले नाही. ते दुभाषी ठेवू शकत. हाल झाले ते लहान पुरवठादाराचे. संदेश खाजगी जाळ्यांतून जात आणि त्यांचा आकार अक्षरे मोजून घेतला जाई. शिवाय प्रत्येक बडा गिऱ्हाईक प्रमाणातील मोकळ्या जागा आपल्या सोयीने भरी. म्हणून दर गिऱ्हाइकामागे जुळणीचा खर्च नव्याने करावा लागे. प्रमाण होते, परंतु ते गरिबाला परवडणारे नव्हते.

इंटरनेट आले आणि १९९८ च्या फेब्रुवारीत ‘एक्सएमएल’ ही खुणांची भाषा प्रमाण ठरली, तेव्हा ही विषमता आता संपणार असे पुष्कळांना वाटले. परंतु लिपी एक झाली म्हणजे भाषा एक होत नाही. देवनागरीत मराठीही लिहितात आणि हिंदीही. लवकरच दोन छावण्या उभ्या राहिल्या. १९९९ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघाची व्यापारविषयक संस्था व ‘ओअ‍ॅसिस’ यांनी मिळून ‘ईबीएक्सएमएल’चे काम हाती घेतले. त्यांचा विचार व्यापाराच्या बाजूने होता: करार कसा व्हावा, पोच कशी द्यावी, वाद झाल्यास पुरावा कोणता. दुसऱ्या बाजूस संगणक कंपन्या होत्या. त्यांचे ‘सोप’ हे संदेशाचे पाकीट मे २००० मध्ये पुढे आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मायक्रोसॉफ्ट, आयबीएम व अरिबा यांनी ‘यूडीडीआय’ ही सेवांची जागतिक नोंदवही जाहीर केली.

या चुरशीतूनच वेब सेवांना आकार आला, असे आमचे मत आहे. २००१ च्या आरंभी ईबीएक्सएमएलने आपले स्वतंत्र पाकीट सोडून सोप पत्करले. उलट, संदेश हरवू नये, पाठविणाऱ्याची ओळख पटावी, सही टिकावी, या व्यापाऱ्यांच्या जुन्या गरजा वेब सेवांच्या प्रमाणांतही एकामागून एक शिरल्या. त्यामुळे ती प्रमाणे भक्कम झाली आणि अवजडही झाली. जागतिक नोंदवही तर जानेवारी २००६ मध्ये बंदच पडली. अनोळखी दुकानदाराशी यंत्राने परस्पर सौदा करावा, ही कल्पना व्यापाराच्या स्वभावाला मानवली नाही. व्यापार ओळखीवर चालतो. पुढे रॉय फील्डिंग यांनी २००० च्या प्रबंधात मांडलेली सुटसुटीत पद्धत आणि ‘जेसन’ हा आटोपशीर मजकूर यांनी बाजार जिंकला.

मग या भांडणातून उरले काय? पाकिटे बदलत गेली, पण आतल्या पत्राचा शब्दसंग्रह टिकला. ईबीएक्सएमएलच्या विचारातूनच ‘यूबीएल’ हा व्यापारी कागदांचा कोश वाढला आणि २०१५ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. पाकीट कसे असावे हे अभियंते ठरवू शकतात. ‘एकूण रक्कम’ म्हणजे काय, हे व्यापाऱ्यांनाच ठरवावे लागते.

आपल्याकडे हा निर्णय राज्यसंस्थेने केला. २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात भरलेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत ई-बीजकाचा एकच नमुना मान्य झाला. १ ऑक्टोबर २०२० पासून तो ५०० कोटींवरील उलाढालीच्या धंद्यांना लागू झाला. ही मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवर आली. त्यामुळे बोईसरचा मध्यम कारखानदारही आज आपल्या संगणकातून जेसनचा मजकूर धाडतो आणि ६४ अक्षरांचा क्रमांक परत मिळवितो. जे समित्यांना वर्षानुवर्षे साधले नाही, ते कायद्याने थोडक्या काळात साधले.

आम्हाला याचा आनंद आहे. पण तो निर्भेळ नाही. एकच नमुना झाल्याने दुभाष्यांचा खर्च वाचला, हे खरे. तथापि तो नमुना करवसुलीच्या डोळ्यांनी पाहतो. लहान पुरवठादाराचे पैसे मुदतीत आले की नाही, हे विचारणे त्याचे काम नव्हे. शिवाय सीमेपलीकडे गिऱ्हाइकाची भाषा निराळीच राहते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी पालघर येथे झाली. त्या बंदराला किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो प्रश्न स्वतंत्र विचाराचा आहे. पण उद्या या जिल्ह्यातून जहाजे निघोत वा न निघोत, संदेश निघतच राहणार. त्यांचे नमुने ठरतील तेव्हा बोईसरच्या छोट्या कारखानदाराने पाकिटाच्या चर्चेत गुंतून न पडता पत्राच्या मजकुरासाठी आग्रह धरावा. मणाचे वजन ठरविताना जो हजर नसतो, त्याला दुसऱ्याच्या तराजूने मोजून घ्यावे लागते.