शेत, भूखंड आणि फ्लॅट : पनवेलच्या जमिनीची साठ वर्षे

आजचा विषय पनवेलच्या बांधकाम व्यवसायाचा इतिहास असा आहे. पण इमारतींपासून सुरुवात करून चालणार नाही. सुरुवात जमिनीपासून करावी लागेल. आपण ज्याला 'बिल्डरचा प्रश्न' किंवा 'फ्लॅटचा प्रश्न' म्हणतो ना, त्याचं मूळ बहुतेक वेळा सातबाऱ्यात सापडतं.

पनवेल हे जुनं बंदर. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता झाला आणि मुंबईहून मचव्याने पनवेलला उतरायचं, तिथून पुण्याला जायचं, हा राबता सुरू झाला. १८५२ साली इथे नगरपालिका आली. मग घाटातून रेल्वे गेली, तीही कर्जतवरून, आणि पनवेल शंभर वर्षं तसं बाजूला पडलं. भोवतालच्या गावांत भातशेती, खारजमिनी, मिठागरं. खारजमीन म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली शेती. हा बांध गावाने मिळून राखायचा. एकाच्या शेतापाशी फुटला तर सगळ्यांचं पीक जायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेला लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला नेऊ या. प्रश्न होता पैशाचा. शहर उभारायचं तर रस्ते, पाणी, गटारं लागणार. पैसा कुठून आणायचा? उत्तर असं निघालं की, सरकारने जमीन आधी शेतीच्या भावाने घ्यायची, ती विकसित करायची, भाव चढला की भूखंड विकायचे आणि त्याच पैशातून शहर बांधायचं. १९७० साली त्यासाठी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र.

हिशेब म्हणून ही योजना हुशारीची होती. पण त्या हिशेबात एक माणूस राहून गेला. जमिनीचा भाव चढणार, हेच जर योजनेचं भांडवल, तर त्या चढत्या भावात ज्याची जमीन गेली त्याचा वाटा किती? सुरुवातीचं उत्तर होतं, काहीच नाही. त्याला शेताची किंमत मिळेल, शहराची नाही.

याविरुद्ध जो लढा उभा राहिला त्याचं नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केलं. जासईचे, पेशाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे, पनवेलचे अनेक वर्षं आमदार आणि नंतर खासदार. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात पोलीस गोळीबार झाला. १६ आणि १७ जानेवारी या दोन दिवसांत पाच शेतकरी मारले गेले. दरवर्षी त्यांना तिथे अभिवादन होतं. त्या लढ्यातून जे तत्त्व पुढे आलं ते आपण सगळे 'साडेबारा टक्के' या नावाने ओळखतो. १९९० साली सरकारने ते नवी मुंबईसाठी मान्य केलं. म्हणजे जमीन गेली तरी विकसित जमिनीचा काही हिस्सा शेतकऱ्याला परत. माझ्या मते महाराष्ट्राच्या नगररचनेतला हा फार मोठा टप्पा आहे. शेतकरी नुसता 'बाधित' न राहता शहराचा भागीदार ठरला.

आता जरा आकडेमोड करू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा, म्हणजे हातात पावणेनऊ टक्के, साडेतीन गुंठे. चौरस मीटरमध्ये साधारण ३५४. शेतकऱ्याचे चार वारस असले तर प्रत्येकी ८८ मीटर. तेवढ्यावर कोण काय बांधणार? आणि भूखंड मिळायला काहींना एक पिढी थांबावं लागलं. तोवर वारस चाराचे बारा झाले.

मग बिल्डर आला. त्याने सह्या गोळा केल्या, पैसे पुढे केले, त्रिपक्षीय करारनामा झाला आणि भूखंड हस्तांतरित. कित्येकांच्या बाबतीत तर भूखंड मिळण्याआधीच त्याचा हक्क विकला गेला. आणि एखादी बहीण किंवा पुतण्या सहीतून सुटला, की तो कोर्टात. तो चुकीचा नव्हता हो, त्याचा हक्कच होता! पण तोवर इमारत चौथ्या मजल्यावर आलेली आणि बँकेचे हप्ते भरणारा फ्लॅटवाला मधल्यामध्ये अडकलेला.

दुसरीकडे गावठाणांत घरं वाढत होती. कुटुंबं वाढली, भूखंड हातात नाही, मग लोकांनी आपल्याच गावच्या जागेत बांधलं. याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, 'गरजेपोटी बांधलेली घरं'. कायद्याच्या भाषेत तीच अनधिकृत. त्यांच्या आडोशाने नंतर निव्वळ विक्रीच्या इमारतीही उभ्या राहिल्या. गरज कुठे संपली आणि धंदा कुठे सुरू झाला, हे ठरवणं आज फार अवघड झालंय.

आता त्या बांधाकडे येऊ. खारजमिनीवर भराव पडला, नोड उभे राहिले. कळंबोलीसारखा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. त्यासाठी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव केले. भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबायचं, ओहोटीला खाडीत जायचं. योजना चांगली, पण तलावात गाळ साचला, गाळावर खारफुटी आली, आणि खारफुटी तोडायला न्यायालयाची मनाई. तीही योग्य कारणासाठीच. २६ जुलै २००५ ला कळंबोली-पनवेल पाण्याखाली गेलं. जुन्या बांधाला राखणारं गाव होतं. नव्या झडपेला राखणारं कोण, हे आपण नीट ठरवलंच नाही.

घर घेणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी राज्यात १९६३ पासून मालकी सदनिकांचा कायदा होता. पण बिल्डरने सोसायटीला अभिहस्तांतरण करून दिलं नाही तर रहिवासी हतबल असत. २०१६ ला केंद्राचा रेरा कायदा आला आणि १ मे २०१७ ला महारेरा सुरू झालं. नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात. बांधकामातल्या दोषाची जबाबदारी पाच वर्षं. हे सगळं खरोखर मोलाचं आहे.

पण बघा, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. आणि आपल्या एक एकरवाल्याचा भूखंड किती होता? ३५४! म्हणजे साडेबारा टक्क्यांतून निघालेला छोटा भूखंड एकटाच विकसित झाला, तर नेमका तिथला ग्राहक या नोंदणीच्या छत्राबाहेर राहतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या उत्तराला असं चुकवून जातं.

२०१३ ला विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रासाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं. इथे सक्तीचं संपादन नको, म्हणून नगररचना योजना आल्या. ही कल्पना आपल्याकडे १९१५ च्या मुंबई कायद्यापासूनची. सगळ्यांच्या जमिनी एकत्र आखायच्या, रस्ते आणि सुविधांना जागा काढायची आणि उरलेले भूखंड मूळ मालकांना द्यायचे. नैनात परतावा ४० टक्के. साडेबारावरून चाळीस! तरी शेतकऱ्यांचा विरोध झाला, कारण विचारलं जातं ते नुसतं 'किती' नाही, तर 'केव्हा' आणि 'कोणाला विचारून'.

८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याला दिबांचं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. बाहेरच्यांना तो नावाचा वाद वाटला. मला वाटतं, तो १९६५ च्या हिशेबात राहून गेलेल्या माणसाची नोंद करून घेण्याचा आग्रह होता.

तेव्हा इथे घर बघायला जाल, तेव्हा सॅम्पल फ्लॅट नंतर बघा. आधी विचारा : ही जमीन कोणाची होती, भूखंड कोणत्या योजनेतला, सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, भाडेपट्टा किती वर्षांचा, रेरा नोंदणी आहे का, नसेल तर का नाही, भोगवटा प्रमाणपत्र आलंय का. आणि पावसाचं पाणी कुठे जातं, तेही विचारा. यातला प्रत्येक प्रश्न इथे कोणीतरी किंमत मोजून आपल्याला शिकवलेला आहे.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर घेऊ या.