पत्त्याचे मोल

गेल्या जून महिन्यात एटापल्लीकडील एक विद्यार्थी आमच्या विभागात आला आणि त्याने एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. आत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पहिलवानांचे ३१ पत्ते होते. १९५२ सालचा, मिकी मँटल या बेसबॉलपटूचा एक पत्ता २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकला गेल्याचे त्याने भ्रमणध्वनीवर वाचले होते. "सर, याचे किती येतील?" त्याने विचारले. शुल्काचा हप्ता थकला होता. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

आम्ही मराठीचे अध्यापक. जुन्या वस्तूंचे पारखी नव्हे. परंतु हस्तलिखित हाती आले की त्याचा काळ, प्रत, अवस्था, दुर्मिळता आणि ते कोणाकडून कोणाकडे गेले हे पाहण्याची शिस्त आम्हांस ठाऊक आहे. तीच येथे लावून पाहिली.

प्रथम काळ. पत्त्यांवर छापणाऱ्याचे नाव नाही, सालही नाही. मग अंतर्गत पुरावा पाहायचा. गठ्ठ्यात योकोझुना आहे, आणि हा अजस्र पहिलवान त्या संस्थेत १९९२ साली आला; तेव्हा हा संच त्याआधीचा असू शकत नाही. दुसरा पुरावा नावातील अक्षरांचा. पांडाचे चिन्ह मिरवणाऱ्या वन्यजीव संस्थेचीही आद्याक्षरे डब्ल्यूडब्ल्यूएफ हीच. ताडोब्याच्या परिसरात ती कुस्तीपेक्षा वाघामुळे अधिक परिचित! इंग्लंडच्या न्यायालयात हा वाद कुस्तीवाल्यांनी गमावला आणि मे २००२ मध्ये त्यांना डब्ल्यूडब्ल्यूई हे नाव घ्यावे लागले. म्हणून पत्ते २००२ पूर्वीचे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण जुना ठसा नंतरही छापत राहणारा छापखाना असू शकतो. पूर्वमर्यादा पक्की आणि उत्तरमर्यादा संभाव्य, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

नंतर अवस्था. संग्राहकाला कोरा पत्ता हवा असतो: टोकदार कोपरे, न उडालेला रंग, मध्यभागी बसलेली छपाई. अमेरिकेत याची १ ते १० अशी प्रतवारी होते. आमच्यासमोरच्या संचात काही पत्ते नव्हतेच, काहींना पावसाळ्याने फुगवले होते, दोहोंच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. सर्वांत वाईट दशा योकोझुनाची. त्याचे चारही कोपरे गोल झाले होते आणि मधोमध फाटलेला भाग भाताच्या खळीने चिकटवला होता.

त्याचीच अशी दशा का, हे कळण्यासाठी खेळ ठाऊक हवा. पत्ते वाटून घ्यायचे. वरच्या पत्त्यावरील उंची, वजन, छाती, दंड यांपैकी एक आकडा पुकारायचा. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. क्रमांक पुकारला तर मात्र लहान आकडा जिंकतो. योकोझुनाचे वजन पुकारले की समोरचा पत्ता हमखास जाई. साहजिकच तो सर्वांना हवा असे, सर्वाधिक हातांतून फिरे, सर्वाधिक झिजे. म्हणजे खेळात ज्याचे मोल सर्वांत जास्त, त्याचीच संग्राहकाच्या बाजारात किंमत सर्वांत कमी!

उरली दुर्मिळता. मँटलचा पत्ता महाग झाला त्यामागे त्याची कीर्ती आहे, तशी लोकांची बेफिकिरीही आहे. त्या संचाचे न खपलेले खोके टॉप्स कंपनीने १९६० मध्ये अटलांटिक महासागरात बुडवले; घरोघरचे पत्ते मुलांनी खेळून संपवले. पुढे १९८० च्या दशकाअखेरीस लोक किमतीच्या आशेने पत्ते जपून ठेवू लागले आणि कंपन्यांनी ते भरमसाट छापले. सर्वांनी जपलेले ते पत्ते आज मातीमोल आहेत.

आपल्याकडील गंजिफाही हेच सांगतो. सावंतवाडीला आजही रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफात दहा रंगांचे १२० गोल पत्ते असतात. गंजिफात दरबार कलम आणि बाजार कलम असा भेद होता. हस्तिदंतावरचे दरबारी पत्ते संग्रहालयांत पोचले. बाजारी पत्ते लोकांनी खेळले आणि ते झिजून गेले. त्यामुळे गंजिफाचा इतिहास आपण पाहतो तो बराचसा दरबाराच्या खिडकीतून.

आम्ही विद्यार्थ्याला खरे ते सांगितले: अपुरा, झिजलेला, निनावी छपाईचा हा संच विकून हप्ता भरला जाणार नाही. हप्ता पुढे ढकलण्याचा अर्ज मात्र तेथेच बसून लिहिला. मग विचारले, हे पत्ते कोणाचे? "बाबांचे," तो म्हणाला. लहानपणी बाबा आईसोबत तेंदूपत्ता तोडायला जात. ७० पानांचा एक पुडा. पुडे संकलन केंद्रावर मोजून दिले की मजुरी मिळे आणि त्यातील थोडे पैसे हाती येत. आठवडी बाजारात त्यांनी हे पत्ते घेतले. गावात तेव्हा दूरचित्रवाणी संच नव्हता. योकोझुनाला त्यांनी कधी कुस्ती खेळताना पाहिलेच नाही. त्यांच्या लेखी तो म्हणजे एक चित्र आणि एक वजन.

आम्हीही त्याच वयाचे, त्याच काळातले. आमचे पत्ते चंद्रपूरच्या आमच्या घरांतून केव्हाच रद्दीत गेले. मार्कंड्याची मंदिरे, गोंड राजांचा परकोट हा या भूमीचा इतिहास, हे आम्ही वर्गात सांगत आलो. तेंदूच्या पानांच्या मजुरीतून आलेला हा कागदाचा पत्ता त्या इतिहासात बसतो, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही कोणास सांगितले नाही.

पत्ते त्याने परत नेले. ते त्याचेच आहेत. जाण्यापूर्वी आम्ही त्याला एक कोरी वही दिली. कोणता पत्ता कोठे घेतला, कोणाकडून जिंकला, खळ कोणी लावली, हे बाबांना विचारून लिहून ठेव, असे सांगितले. त्या नोंदीवाचून ते ३१ जुने कागद आहेत. नोंदीसह ते १९९० च्या दशकातील गडचिरोलीच्या एका बालपणाचे साधन ठरतील, आणि तसली साधने आमच्या ग्रंथालयात एकही नाही.