फुलरीन : पिंजरारेणूंची घडण

फुलरीन हा केवळ कार्बनच्या अणूंचा, आतून पोकळ व सगळीकडून बंद असा पिंजऱ्यासारखा रेणू आहे. नुसत्या षट्कोनांची जाळी सपाट राहते. पंचकोन आला की ती वाकते. पंचकोन-षट्कोनांचा पिंजरा पुरता मिटायला बरोबर बारा पंचकोन लागतात. साठ अणूंच्या सी-६० रेणूत त्यांच्या जोडीला वीस षट्कोन असतात, फुटबॉलवरच्या तुकड्यांच्याच मांडणीत.

हा रेणू १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल व स्मॉली यांना सापडला. लेसरने ग्राफाइटची वाफ करून त्यांनी ती हीलियमच्या झोतात थंड केली होती. मात्र डोळ्यांना दिसेल एवढा फुलरीन १९९० मध्ये क्रेचमर व हफमन यांनी मिळवला. विरळ हीलियममध्ये ग्राफाइटच्या कांड्या विजेने तापवल्या की भांड्याच्या भिंतींवर काजळी धरते. ती खरवडून बेंझीनमध्ये टाकली की फुलरीन विरघळून द्राव लाल होतो आणि बाकीची काजळी तळाशी बसते. हीलियममुळे वाफेचा वेग मंदावतो, अणूंना एकमेकांशी जुळायला उसंत मिळते.

ग्राफाइटचा पापुद्राच गुंडाळला जात असेल, ही शंका कार्बन-१२ व कार्बन-१३ एकत्र वापरून फिटली. दोन्ही प्रकारचे अणू तयार रेणूंत सरमिसळ विखुरलेले आढळले. म्हणजे ग्राफाइट आधी पुरते विस्कटते. पुढे लहान वाट्या वाढत जाऊन मिटतात, की मोठे वेडेवाकडे पिंजरे दोन-दोन अणू टाकत आक्रसतात, याबद्दल मतभेद आहेत.

कच्चा माल ग्राफाइटच हवा असे नाही. कमी दाबाखाली, अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये जळणाऱ्या बेंझीनच्या ज्योतीतून १९९१ मध्ये सी-६० व सी-७० निघाले. पूर्वापार डांबरगोळ्यांत असणारे नॅप्थॅलीन सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापवूनही हे दोन्ही रेणू मिळतात.

या सर्व पद्धतींत रेणूंचे मिश्रणच हाती येते. लॉरेन्स स्कॉट व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेगळी वाट काढली. साध्या बाजारी रसायनांपासून बारा टप्प्यांत त्यांनी सी-६० घडवला. साठही कार्बन अणू आधीच जागच्या जागी असलेला, क्लोरीनयुक्त सपाट रेणू त्यांनी बांधला आणि निर्वातात ११०० अंशांच्या झळीतून नेला. उतारा फार तर एक टक्का, पण सी-६०खेरीज दुसरा एकही फुलरीन त्यात नव्हता. या विषयातले हे सर्वांत देखणे काम होय. तशाच एका हायड्रोकार्बनपासून प्लॅटिनमच्या पृष्ठावर २००८ मध्ये जवळजवळ शंभर टक्के उतारा मिळाला.

ग्राफाइटबाबत खोटी ठरलेली गुंडाळण्याची कल्पना ग्राफीनबाबत, म्हणजे ग्राफाइटच्या सुट्या एकेरी थराबाबत, मात्र खरी ठरली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफीनच्या कपच्यांच्या कडेचे अणू इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने उडतात, तेथे पंचकोन बनतात आणि कपची वळत वळत मिटून फुलरीन होते. २०१० मध्ये हे प्रत्यक्ष टिपले गेले.