मेस्ताची शाळा

श्रोतेहो, जुन्या हिंदी चित्रपटांची गाणी तुम्ही आवडीने ऐकता. गाणारीचा आवाज सुरू होण्यापूर्वी चाळीस-पन्नास व्हायोलिने एकदम उठतात, एकदम थांबतात, आणि मध्ये केसाइतकेही अंतर पडत नाही. हे कसे जमत असेल, असा प्रश्न कधी मनात आला आहे का? आपल्याकडे भजनी मंडळात दहा माणसे टाळ धरतात; पण ती वर्षानुवर्षे एकत्र बसलेली असतात, चाल त्यांच्या अंगात मुरलेली असते. मुंबईच्या स्टुडिओत मात्र सकाळी वादक यायचे, समोर कागद ठेवला जायचा, आणि थोड्याशा तालमीनंतर तेच गाणे ध्वनिमुद्रित व्हायचे. म्हणजे ती माणसे गाणे पाठ करून वाजवत नव्हती. वाचून वाजवत होती. आपण वर्तमानपत्र वाचतो तसे.

हे वाचन त्यांच्यातले पुष्कळजण शिकले ते गोव्यातल्या खेड्यांत, चर्चला लागून असलेल्या एका खोलीत. त्या शाळेची हकीकत आज सांगायची आहे. मी इतिहास शिकवतो, गाणे शिकवत नाही. तेव्हा स्वरांविषयी बोलताना कुठे चुकलो तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. पुढे पस्तीस वर्षांनी, १५४५ मध्ये, मिगेल वाझ या चर्चच्या अधिकाऱ्याने पॅरिशोपॅरिशी शाळा काढण्याची व्यवस्था केली. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला गाव, वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात तो. शाळेत काय शिकवायचे? धर्मशिक्षण, थोडे वाचन-लेखन आणि गायन. गायन शोभेसाठी नव्हते. कॅथलिक उपासनेत मोठ्या दिवसाची मिस्सा गायली जाते, आणि ती गायला गावात चार गळे तयार नसतील तर सण अडतो. युरोपातून गायक आणणे शक्य नव्हते. गावची पोरेच तयार करायची, एवढाच मार्ग होता.

पोरे तयार झाली, आणि लवकर झाली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक इटालियन कार्मेलाईट साधू गोव्यात आला होता. बॉम जेझूच्या चर्चमध्ये त्याने सात वृंदांचे एकत्र गायन ऐकले, आणि आपण रोममध्येच आहोत की काय असे त्याला वाटले. गाणारे होते इथलेच.

शिकवणाऱ्याला गोव्यात मेस्त म्हणतात. पोर्तुगीज ‘मेस्त्र’चे ते कोंकणी रूप. गावातल्या गाण्याबजावण्याचा सगळा भार या एका माणसावर. मिस्सेला वृंद उभा करायचा, फेस्ताला नवे गाणे बांधायचे, लग्नात आणि मयताला वाजवायचे, घरोघरच्या लदीनला, म्हणजे क्रुसापुढच्या प्रार्थनेला, रेबेक घेऊन जायचे. गोव्यात व्हायोलिनला रेबेक म्हणत. आणि या सगळ्यातून वेळ काढून रोज पोरांची शाळा. पगार चर्चच्या निधीतून, तोही बेताचा.

त्याची शिकवण्याची रीत शिक्षकमंडळींनी लक्षात घेण्याजोगी आहे. नव्या मुलाच्या हाती वाद्य मिळत नसे. आधी पाच रेघा आणि त्यांच्यामधल्या चार मोकळ्या जागा. टिंब वर चढले की स्वर चढला, खाली उतरले की उतरला. टिंब पोकळ की भरीव, त्याला शेपूट आहे की नाही, यावरून तो किती वेळ धरायचा ते कळते. मुलाने हाताने ताल द्यायचा आणि नुसती नावे बोलायची: दो, रे, मी, फा. गायचे नाही, बोलायचेच. याला म्हणत सोल्फेज. हात आणि जीभ एकत्र चालू लागली की मग तीच नावे सुरात. नंतर वृंदात जागा. रेबेक त्याच्याही पुढे. कंटाळा येणार नाही तर काय! पण या घोटण्यातून जो पार पडला त्याला जगातला कोणताही कागद परका राहिला नाही.

ही दो-रे-मी नावे अकराव्या शतकातल्या ग्विदो नावाच्या इटालियन साधूची देणगी. एका लॅटिन स्तोत्राच्या ओळी एकेक स्वर वर चढत सुरू होतात, हे पाहून त्याने प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर त्या स्वराला दिले. आपल्या सा-रे-ग-मशी याचे नाते सहज दिसते. पण एक फरक मोठा आहे. आपला ‘सा’ गाणारा आपल्या गळ्याच्या सोयीने धरतो. पोर्तुगीज पद्धतीत ‘दो’ची जागा पक्की, ती हलत नाही. म्हणून मडगावात लिहिलेला कागद कलकत्त्यातला माणूस त्याच उंचीवर वाजवू शकतो.

दुसरा फरक वृंदाचा. भजनात सगळे मिळून एकच चाल म्हणतात. इथे एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या चाली चालतात आणि त्या एकमेकींत बसाव्या लागतात. सर्वांत वरची चाल बारीक आवाजाची. ती पोरांनी म्हणायची, कारण चर्चच्या वृंदात स्त्रियांना जागा नव्हती. दहावे पोप पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीताविषयी फर्मान काढले, त्यातही वरचे स्वर मुलांनीच गावेत असे बजावले होते. वृंदात स्त्रियांना अटींसह वाट मिळाली ती १९५५च्या पोपपत्राने. आता पाहा, मुलाचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो. म्हणजे मेस्ताने तीन-चार वर्षे घासून तयार केलेला उत्तम गळा ऐन बहरात हातचा जातो! तेव्हा खालच्या बाकावर दुसरा तयार हवा, त्याच्या मागे तिसरा. वृंद टिकवायचा तर शाळा बंद ठेवून चालत नव्हते. मेस्ताचा चिकाटीचा स्वभाव आपण वाखाणतो, पण निम्मी चिकाटी या अडचणीने त्याच्या गळ्यात घातली होती असे मला वाटते.

इथवर ऐकून कुणाला वाटेल की हा पोर्तुगिजांच्या कौतुकाचा पाठ आहे. तसे नाही. १६१६ साली राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आपल्या मराठीत, कोंकणी शब्दांचा शिडकावा घेऊन. रविवारी आणि सणाच्या दिवशी त्या ओव्या चर्चमध्ये म्हटल्या जात, लोक ऐकत, समजत. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने गावाची भाषा गावाच्या देवळातून उचलून चर्चमध्ये आणली. पण १६८४ मध्ये सरकारने फर्मान काढले की तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज शिकावे आणि इथली भाषा सोडावी. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने लग्नातल्या ओव्यांना आणि देशी वाद्यांनाही बंदी केली. एकशेवीस वर्षांत ओवी व्यासपीठावरून उतरून गुन्ह्यांच्या यादीत गेली.

मुलांच्या वाट्याला राहिली लॅटिन. तो मुलगा अख्खी मिस्सा कागदावरून बिनचूक गाई, आणि एका ओळीचा अर्थ विचारला तर गप्प. पाठशाळेतल्या बटूंची आठवण काढून कुणी हसेल. हसू नये, दोन्हीकडे तीच गोष्ट घडली. तरी कोंकणी मेली नाही. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत ख्रिस्ताच्या दुःखावर मोतेत नावाची गाणी गातात. लॅटिनबरोबर कोंकणीतही मेस्तांनी ती रचली, तीन आवाजांसाठी, सोबतीला रेबेक आणि क्लॅरिनेट. घरी मांडो गायला जाई, तोही याच शिक्षणाने आलेल्या दोन-आवाजी जोडीने. बऱ्याच मोतेतांवर रचणाऱ्याचे नाव नाही. मेस्ताने लिहिले, शिष्याने उतरून घेतले, नाव मागे राहिले.

एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा निघाल्या. लेखन-वाचन तिकडे गेले आणि पॅरिशच्या शाळेकडे मुख्यतः गाणे उरले. गोव्याच्या ख्रिस्ती समाजातही जातिभेद होता. चर्चच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे बंधुमंडळे, जातवार असत. जमीन नसलेल्या घरातल्या पोराला कचेरीत नोकरी कोण देणार? पण त्याला कागद वाचता येत होता. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या थिएटरातले वादक, हॉटेलांतली जाझची मंडळी, या सगळीकडे तो गेला. पुढे बोलपट आला आणि मुंबईने त्याला बोलावून घेतले. संगीतकार चाल बांधत. ती पन्नास वाद्यांना वाटून देणे आणि कागदावर उतरवणे हे काम सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोवेकरांनी केले.

यातले अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण घ्या. जन्म १९२७, गाव माजोर्डे. वडील गावच्या चर्चचे वृंदप्रमुख. मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला. १९४३ साली तो नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागला. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला. त्यात भारतीय राग पाश्चात्य रीतीने मांडले, आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. १९७७ सालच्या चित्रपटातले ते गमतीचे गाणे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यातले नाव शिष्याने गुरूचे ठेवले. गोन्साल्विस २०१२ साली वारले.

गोवा १९६१च्या डिसेंबरात मुक्त झाला, आणि दोनच वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. गोव्यात कोंकणी गीते आली, वसईला मराठी. स्टीफन्सच्या ओवीनंतर साडेतीनशे वर्षांनी! मुलाला आता आपण काय गातो ते कळू लागले. मात्र सारा मेळा मिळून म्हणेल अशी सोपी चाल हवी झाली, गिटार आली, आणि सोल्फेज घोटण्याची गरज बहुतेक ठिकाणी उरली नाही. पूर्वी वाचता येई पण अर्थ कळत नसे. आता अर्थ कळतो, वाचता येत नाही. दोन्ही एकत्र शिकवायला काय हरकत होती, असे मी एकदा एका पाद्रीबाबांना विचारले. ते म्हणाले, “अहो सर, हरकत कसली? मेस्ताला पगार कोण देणार?”

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातला सावंतवाडीकडचा एक विद्यार्थी आजोबांची वही घेऊन आला. ते मेस्त होते. हाताने आखलेल्या पाच-पाच रेघा, त्यावर बोरूने काढलेली टिंबे, खाली कोंकणी शब्द रोमन अक्षरांत. मुलगा स्वतः चर्चमध्ये गातो, पण मोबाईलवर ऐकून. “हे कसं वाचायचं, सर?” त्याने मला विचारले. मला तरी कुठे येत होते? पणजीच्या एका संगीतशिक्षकांकडे आम्ही दोघे गेलो. त्यांनी व्हायोलिनवर पहिल्या दोन ओळी वाजवल्या. मुलगा म्हणाला, “ही तर आजी गुणगुणते.” वहीची मागची पाने ओलीने चिकटली होती. ती एकेक सोडवून सावलीत वाळवायला सांगून आम्ही परतलो.